बांधापलीकडची जागा

सोपानभाऊंच्या दारात पाय ठेवला की त्यांची बायको चपला बाहेर काढायला सांगते. यात नवल काही नाही, आमच्या तुंगार्लीत सगळ्याच बायका सांगतात. फरक एवढाच, की सोपानभाऊंची बायको वारलेली आहे.

हे मला आधी माहीत नव्हतं असं नाही. उलट, तेवढंच माहीत होतं. बदली होऊन मी लोणावळ्याच्या शाळेत आले आणि त्यांच्या भिंतीला भिंत लागून असलेली खोली भाड्यानं घेतली, तेव्हा घरमालकीण म्हणाली होती, की शेजारी म्हातारा एकटाच असतो, बायको गेली, मूलबाळ नाही, त्रास काही नाही. म्हणून एका रविवारी दुपारी वाटीभर खीर घेऊन मी ओळख करून घ्यायला गेले. धुकं इतकं उतरलं होतं की दोन पायऱ्या उतरल्यावर माझं स्वतःचं दार दिसेना. भाऊंचं दार उघडं होतं आणि आत कुणाची चाहूल नव्हती. पायपुसण्यावर पाऊल टाकलं आणि आतल्या खोलीतून बाईचा आवाज आला, "अवो..."

अगदी घरातला आवाज. हात कणकेत असताना नवऱ्याला हाक मारावी तसा. मग जरा खरखर झाली आणि तोच आवाज स्टेशनावरच्या घोषणेसारखा ताठ होऊन म्हणाला, "कोण आले आहे, कृपया पाहावे. चपला बाहेर काढाव्यात."

मी "हो हो" म्हणून मुकाट्यानं चपला काढल्या. दुसरी चप्पल काढताना डोक्यात प्रकाश पडला, की या घरात बाई नाही.

माझं माहेर बेडशाचं. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात भुताखेतांना मज्जाव आहे. त्यात मी विज्ञान शिकवते. म्हणजे घाबरायची सोय मला दोन्हीकडून बंद. त्यामुळे मी ओरडले नाही. फक्त खीर सांडली.

मागल्या दारानं एक उंच, वाकलेला माणूस आला. डोक्याला मफलर, हातात पेचकस. त्यानं सांडलेल्या खिरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भिऊ नका बाई," तो म्हणाला. "ती आमची मंडळी हाय. कांपुटरात असती."

असं सांगितल्यावर माणसाची भीती कमी होते, अशी त्यांची समजूत असावी.

भाऊ मूळचे परंदवडीचे. घरची शेती होती, पण उमेदीची वर्षं सगळी सुदुंबऱ्याकडच्या एका कारखान्यात वजनकाट्यावर गेली. मालाची गाडी काट्यावर चढली की तिथला कॉम्प्युटर वजन मोठ्यानं बोलून दाखवायचा. आकडे, 'टन', 'किलो', 'गाडी पुढे घ्या', असे सुटे सुटे शब्द कुणाच्या तरी आवाजात आधी भरून ठेवलेले, आणि प्रोग्राम त्यांची माळ ओवून वाक्य करायचा. पुढे नवा काटा आला, जुनं मशीन भंगारात निघालं, आणि भाऊंनी ते पोत्यात घालून घरी आणलं. वर्षानुवर्षं ज्याच्याशी बोललो ते भंगारात कसं टाकायचं, असं त्यांचं म्हणणं. खरं म्हणजे ते मशीनच बोलत होतं. भाऊंनी त्याला उत्तर दिलं असेल असं मला वाटत नाही.

कारण भाऊ म्हणजे 'हं' या एका अक्षरावर जन्म काढलेला माणूस. दूध उतू चाललंय, हं. गोळी घेतली का, हं. पाहुणे यायचेत, हं. त्यांची बायको, सुलूमावशी, बोलून बोलून दमायची आणि शेवटी विचारायची, "ऐकताय न्हवं?" त्यावरही हं. पुढे एकदा भाऊंनीच मला हे सांगितलं, आणि सांगून झाल्यावर स्वतःच "हं" म्हणाले.

मशीन घरी आल्यावर मावशींनी आपल्या गळ्यावरचा भार त्याच्यावर टाकायचं ठरवलं. एकदाच सगळं बोलून ठेवते, मग रोज त्यालाच बोलू दे, म्हणाल्या. ठेवणीतलं लुगडं नेसून, केसाला तेल लावून त्या माइकसमोर बसल्या आणि जन्मात कधी बोलल्या नव्हत्या अशा पुस्तकी मराठीत एकेक शब्द बोलत गेल्या. 'वाजले आहेत.' 'गॅस बंद करावा.' 'गोळी घ्यावी.' 'स्वेटर घालावा.' बोलायची पाळी आल्यावर त्यांना फक्त शुद्ध शब्द आठवले. अपवाद एकच. माइक चालतोय का हे बघायला भाऊंनी बटण दाबलं, तेव्हा मावशी स्वयंपाकघरातून हात पुसत येत होत्या. त्या म्हणाल्या, "अवो, चालू झालं व्हय?" भाऊंनी पुढचं कापलं आणि 'अवो' तेवढं ठेवलं. प्रत्येक वाक्याच्या आधी तेच लागायचं. मशीनमध्ये सगळ्यात पहिलं जाऊन बसलेलं तेच.

मावशी असतानाही हे मशीन बोलायचं, पण तेव्हा गंमत होती. त्या गेल्यावर ते थांबलं नाही, एवढाच काय तो बदल. उलट भाऊंनी वजनकाट्याचं स्विच पायपुसण्याखाली बसवून टाकलं. गॅसवाल्यानं तेव्हापासून सिलेंडर फाटकातच ठेवायला सुरुवात केली. मीटर बघायला येणारा माणूस एकदा आत गेला आणि रीडिंग न घेताच बाहेर आला. भाऊंचं वीजबिल अजूनही सरासरीनं येतं.

त्या मशीनच्या घड्याळाचा सेल कधीच संपला होता. त्यामुळे वीज जाऊन आली की मावशी कुठूनही वेळ सुरू करायच्या. एकदा भर दुपारी चारला त्यांनी "सकाळचे सहा वाजले आहेत" असं सांगितलं. मी शाळेतून परत येत होते, तर धुक्यात भाऊ ओट्यावर उभं राहून दात घासत होते. मी म्हटलं, भाऊ, चार वाजलेत. त्यांनी तोंडातला फेस सांभाळत घराकडे बोट दाखवलं, म्हणजे तिनं सांगितलंय. नंतर चहा घेतला, स्वेटर घातला, आणि रात्री दहाला दुपारचं जेवले. मला हसू आलं. पण माझ्या खोलीत जाऊन दिवा लावताना अंगावर काटाही आला, हे विज्ञानाच्या शिक्षिकेनं कबूल करायला हवं.

आणखी एक गोष्ट होती. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडे मावशी वेळ सांगायच्या, आणि नंतर कितीतरी वेळ पुरुषाचा आवाज यायचा. शब्द कळत नसत, नुसती एकसारखी गुणगुण. भाऊंचा असेल असं मला वाटलंही नाही, कारण भाऊ एवढं बोलत नसत. रेडिओ असेल म्हणून मी माझी समजूत घातली. त्यांच्या घरात रेडिओ दिसला नव्हता, तरीही.

मग डिस्क वाजायला लागली.

आधी टकटक. मग मावशी बोलता बोलता मध्येच अडखळायच्या. "स्वेटर..." म्हणून थांबायच्या आणि घालावा की काढावा ते सांगायच्याच नाहीत. भाऊ स्वेटर हातात धरून उभे. डिस्क कधीही मान टाकणार, आणि ती गेली की मावशी दुसऱ्यांदा जाणार, हे मलाही कळत होतं. भाऊंचा चेहरा त्या दिवसांत बघवत नव्हता.

मी म्हटलं, मोबाइलमध्ये आवाज घेऊन ठेवू. भाऊ म्हणाले, "मोबाइलात ती बोलंल. पण दारात कोण आलं ते तिला कळंल का?" मी म्हटलं, निदान एक नक्कल तरी ठेवू. त्यावर ते म्हणाले, "माणसाच्या नकला ठिवत्यात का बाई?" मशीन सोडायचं नाही, प्रोग्राम बदलायचा नाही, आणि तो प्रोग्राम तर फक्त त्याच जुन्या विंडोजवर चालणारा. तेव्हा नवी डिस्क आणणं हा एकच रस्ता उरला.

बाजारात मुनीरभाईंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी सांगितलं, की तेवढ्या लहान डिस्क आता कुणी बनवत नाही. त्यांच्याकडे सगळ्यात छोटी होती तीही जुन्या डिस्कच्या कितीतरी पट मोठी. ती लावली तर मशीन तिच्याकडे बघून गप्पच बसलं. पुष्कळ खटपटी केल्यावर तिला ओळखलं, पण आकार दाखवला चिमूटभर. भाऊ म्हणाले, "आख्खं रान घेतलं आन् सातबाऱ्यावर दोन गुंठं."

ते काही महिने भाऊंनी त्या एकाच गोष्टीत घालवले. मुनीरभाईंच्या स्टुलावर बसायचे, सीड्या आणायचे, घरी येऊन मशीनचं पोट उघडायचे. 'हं'चा माणूस या एका विषयावर मात्र धडाधड बोलायचा, आणि रस्त्यात जो सापडेल त्याला सांगायचा. सापडणारी बहुतेक वेळा मीच असायची.

"ह्या जुन्या सिष्टीमला एकशे सदतीस जीबीच्या पुढं मोजताच येत न्हाई," ते सांगायचे. "तितं तिचा बांध. बांध म्हंजे बांध. त्येच्या पुढं कुणी लिवाय गेलं की तिला चकवा लागतो. चकवा ठावं हाय न्हवं? माणूस चालतंय चालतंय, वाटतंय पार लांब आलो, आन् बघतंय तर फिरून आपल्याच रानात. तसंच. लिवायला जातीया पुढं, आन् लिवती पार सुरवातीला. पेरल्याल्या रानात नांगर."

आमच्या बेडशाकडे चकवा लागलेल्या माणसांच्या गोष्टी माझी आजी सांगायची. दीक्षा घेतली तरी गोष्टी थोड्याच सोडता येतात. पण चकवा यंत्रालाही लागतो, हे मला भाऊंनी शिकवलं. मी मग पुस्तकात वाचून पाहिलं, तर ते अगदी खरं निघालं. आकडा संपला की मोजणी पुन्हा शून्यापासून.

तोडगाही सोपा निघाला. मुनीरभाईंनी दुकानातल्या नव्या मशीनवर डिस्कची वाटणी केली. बांधाच्या अलीकडे एक तुकडा आखला आणि पलीकडचं सगळं मोकळं सोडून दिलं. जुन्या विंडोजला सांगायचंच नाही की पुढे काही आहे. मावशींचे सगळे शब्द नव्या डिस्कवर उतरले. त्याच आठवड्यात जुन्या डिस्कनं मान टाकली, म्हणजे अगदी काठावर जमलं. भाऊंनी मला आणि मुनीरभाईंना घरी बोलावून गुळाचा चहा पाजला. पायपुसण्यावर तेच आधी उभे राहिले. "अवो... कोण आले आहे, कृपया पाहावे." भाऊ म्हणाले, "हं." पण त्यांचे डोळे भरले होते.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण बांधापलीकडची मोकळी जागा भाऊंच्या डोळ्यांत सलायला लागली.

परंदवडीच्या माणसाला पडीक जमीन बघवत नाही. त्यात भाऊ तर नावाजलेले. भावाच्या आणि त्यांच्या शेतामधला बांध ते तरुणपणी दर नांगरटीला नांगराच्या एका ओळीएवढा कोरायचे. तोही पलीकडून कोरायचा. शेवटी बांध एवढा अरुंद झाला की त्यावरून मांजरही जाईना, आणि मग दोघांत बोलणं बंद. मावशींनी यावरून त्यांना आयुष्यभर बोल लावले. त्यावर उत्तर काय, ते सांगायला नको.

आता तोच माणूस मला येता-जाता सांगायला लागला, की एवढी जागा नुसती पडून आहे. मी विचारलं, मावशींचे शब्द असून असून किती असतील, ते मुठीत मावतील. एवढी जागा भरायला तुमच्याकडे आहे तरी काय? भाऊ म्हणाले, "हाय आपलं. भरत आलंय." आणि पेचकस घेऊन आत गेले.

ते मुनीरभाईंकडेही गेले होते. बांध इतकुसा पुढं सरकवून द्या म्हणाले. मुनीरभाईंनी हात जोडले. मग भाऊंनी त्यांच्याचकडची वाटणीची सीडी आणून घरीच तो उद्योग केला. नंतर मी विचारलं, की चकव्याचं सगळं तुम्हीच मला शिकवलंत आणि तुम्हीच असं का केलंत? तर म्हणाले, "सरकारी मोजणी म्हणली की थोडं इकडंतिकडं असतंयच की. वाटलं, ह्यातबी असंल." सगळ्या मावळात तलाठ्याच्या साखळीवर कुणाचा विश्वास नाही. तोच अविश्वास भाऊंनी त्या बिचाऱ्या विंडोजवर ठेवला.

दिवाळीच्या सुट्टीत मशीन बंद पडलं. मुनीरभाईंनी डिस्क दुकानात नेली, दुसऱ्या मशीनला लावली आणि उरलंसुरलं खरवडून गोळा केलं. ते काम चाललं तेवढे दिवस भाऊंचं घर गप्प होतं. कुणी वेळ सांगत नव्हतं. भाऊ कधीही जेवत, कधीही झोपत. भिंतीपलीकडची संध्याकाळची गुणगुणही थांबली. एरवी मला ज्या आवाजांची भीती वाटायची, ते नाहीत म्हणून आता झोप येईना.

सुट्टी संपल्यावर मशीन परत आलं, त्या दुपारी मी शाळेतून येत होते. पुन्हा धुकं. भाऊ फाटकाजवळ उभे होते. आत मुनीरभाई जोडणी करत होते, आणि भाऊंचं आत जायचं धाडस होत नव्हतं. मला म्हणाले, "बाई, तुमी पाय ठेवा."

मी पायपुसण्यावर पाऊल ठेवलं. आतल्या खोलीतून आवाज आला. बाईचा नव्हे, पुरुषाचा. "...लय म्हाग होती मेथी, पण तुला आवडती म्हून..."

भाऊंचा आवाज. आणि भाऊ माझ्याशेजारी उभे, तोंड मिटलेलं. मग खरखर, आणि मावशी म्हणाल्या, "कोण आले आहे, कृपया पाहावे. चपला बाहेर काढाव्यात."

आजोबांची दीक्षा नाही, विज्ञान नाही, काही कामाला आलं नाही. मी भाऊंचा दंड धरला, आणि भाऊंनी दाराची चौकट.

मुनीरभाई बाहेर आले. त्यांनी खाली मान घालूनच सांगितलं. जागा भरली होती ती भाऊंच्या बोलण्यानं. मावशी रोज संध्याकाळी वेळ सांगून गप्प झाल्या की भाऊ माइक पुढे ओढून बोलत बसायचे. आज काय आणलं, कुडावरचा पावट्याचा वेल कुठवर चढला, परंदवडीच्या भावाला फोन केला, तो रडला. मावशींनी संसारभर विचारलेल्या एकेका गोष्टीचं उत्तर. ते सगळं मशीनमध्ये साठत गेलं, बांधाला लागलं, बांध ओलांडून पुढे गेलं, आणि चकवा लागून सुरुवातीला येऊन पडलं. सुरुवातीला 'अवो' होतं. बाकीचे शब्द वाचले. तो एकच गेला.

"मी बोलाय लागलो," भाऊ म्हणाले, "आन् तिचीच हाक पुसली."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

मुनीरभाई भला माणूस. ते म्हणाले, "भाऊ, तुमचा आवाज तिथून काढून टाकतो. दुसऱ्या कुणा बाईंकडून ती हाक भरून घेऊ. या बाई आहेत ना." मी मान हलवण्याच्या आत भाऊंनीच मान हलवली. नको. मग मुनीरभाई म्हणाले, की ती जागाच काढून टाकू, म्हणजे वाक्य सरळ पुढच्या शब्दापासून सुरू होईल, ऐकणाऱ्याला कळणारही नाही.

भाऊ पायपुसण्याकडे बघत उभे होते.

"न्हाई," ते म्हणाले. "माझं तेवढं काढा. पण तितं काय लावू नका. तिच्या हाकेची जागा हाय. ऱ्हाऊ द्या पडीक."

मुनीरभाईंनी तसंच केलं. हाक जेवढी लांब होती, तेवढीच शांतता तिच्या जागी बसवली. भाऊंचं बोलणं त्यांनी दुसऱ्या डिस्कवर काढून दिलं. ती भाऊंनी त्याच मशीनच्या पोटात शेजारी बसवून घेतली, वेगळी ठेवू दिली नाही. बांध पुन्हा अलीकडे आला, आणि आता त्याच्या पलीकडच्या जागेचं नावही ते काढत नाहीत.

मी अजून शेजारीच राहते. भाजी जास्त झाली की वाटी घेऊन जाते. पायपुसण्यावर पाय ठेवते आणि थांबते. आत काहीतरी सुरू झाल्याची बारीक खरखर होते. मग काहीच नाही. एक हाक मारायला लागतो तेवढा वेळ घर गप्प असतं. अंगावर काटा अजूनही येतो, पण मी आता मागे सरत नाही. कारण त्या गप्प जागेत आतल्या खोलीतून खुद्द भाऊंचा आवाज येतो, दर वेळी, न चुकता.

"ऐकतोय गं. बोल."

आणि मग मावशी चपला बाहेर काढायला सांगतात.